खाली कोण हाय?

लाईट आली की गावात आरोळी उठते. पोरं ओरडतात, पंख्याखाली बसलेली म्हातारी माणसं हुश्श करतात, गिरणीचा पट्टा फिरायला लागतो. आमच्या घरात मात्र लाईट आली की कमल, म्हणजे माझी बायको, हातातलं काम टाकून दारात जाऊन उभी राहायची. लाईट बंद होती ती मी कुठंतरी खांबावर होतो म्हणून. आता ती आली, याचा अर्थ मी खाली उतरलो असेन. किंवा उतरलो नसेन. माझ्या मोटारसायकलचा आवाज कानावर पडेपर्यंत या दोहोंतलं खरं काय, हे तिला कळायचं नाही. सगळं गाव उजेडात हसत असताना ही बाई दारात उभी राहून रस्त्याकडं बघायची.

सकाळी डबा हातात देताना तिनं कधी ‘आज कुठं काम हाय’ असं विचारलं नाही. तिचा एकच प्रश्न असायचा.

"आज खाली कोण हाय?"

मी, मुंजाजी, वायरमन होतो. कागदावर आमच्या पदाचं नाव वेगळं आहे, पण सेनगाव तालुक्यात लोक वायरमनच म्हणतात, आणि चिडले की आणखी बरंच काही म्हणतात. आता निवृत्त झालोय. अंकासाठी लिहा म्हटल्यावर आधी वाटलं, वादळात पडलेले खांब, ट्रान्सफॉर्मरच्या जळालेल्या डीप्या, तारेवर आकडा टाकून वर आम्हालाच दम देणारे लोक, यांबद्दल लिहावं. पण ते सगळं तुम्हाला माहीत आहे. मला जन्मभर ज्याची भीती वाटली ते वीज नव्हती. ती होती माणसं, आणि तीसुद्धा आपली, जवळची.

आधी आमचं काम थोडक्यात सांगतो. उपकेंद्रातून अकरा हजारांच्या तीन तारा निघतात आणि गावोगाव जातात. उपकेंद्रात एक ऑपरेटर बसतो. तो लाईन सोडतो आणि बंद करतो. वाटेत जिथं एखाद्या गावाचा फाटा फुटतो, तिथं खांबावर एक स्विच असतो आणि त्याचं लोखंडी हँडल खाली माणसाच्या हाताला येईल असं असतं. हँडल खाली ओढलं की फाटा बंद, वर ढकललं, म्हणजे ‘लावलं’, की चालू. तार पेलणारी चिनी मातीची पिन फुटली किंवा तारा जोडणारा जंपर तुटला की हँडल खाली ओढायचं, तिथं एक माणूस उभा करायचा, आणि पुढं दोन-चार शेतं ओलांडून जिथं बिघाड असेल तिथल्या खांबावर चढायचं. चढलेल्याच्या खांबाखाली आणखी एक माणूस. म्हणजे वर मी, आणि माझा जीव खालच्यांच्या हातात.

बंद तार आणि चालू तार दिसायला एकसारखीच असते. पाखरं दोन्हींवर बसतात. साप निदान फुसकारतो तरी, तार काहीच सांगत नाही. आपण हात घालतो तो तारेच्या भरवशावर नाही, खाली उभ्या असलेल्या माणसाच्या भरवशावर घालतो. पहिल्या वर्षी मला हे कळलं नव्हतं, तेव्हा मी शिट्टी वाजवत चढायचो. एका सोबत्याला खांबावरून उतरवून आणल्यावर शिट्टी बंद झाली. त्याचं नाव लिहीत नाही, त्याची लेकरं आता कर्तीसवरती आहेत. इतकंच सांगतो की त्याच्या हँडलपाशी त्याच्याच जिवाभावाचा माणूस उभा होता.

तेव्हापासून मी माणसांची परीक्षा घ्यायला लागलो.

परीक्षा साधी होती. मागच्या फाट्यावरूनच लाईन तोडायची, म्हणजे समोरचं हँडल लावलं काय नि न लावलं काय, वीज येणार नाही. हे नव्या माणसाला सांगायचं नाही. त्याला हँडलपाशी उभं करायचं, आपण जवळच्याच खांबावर चढायचं, आणि वर असतानाच ओरडायचं, "झालं काम! लाव हँडल!"

पहिला परीक्षार्थी माझा मेहुणा भगवान. बेकार होता, अंगानं दणकट होता, आणि कमलच्या आईचा आग्रह होता की घरचा माणूस सोबत ठेवा, परक्यापेक्षा बरा. मी ओरडलो आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत भगवाननं दोन्ही हातांनी हँडल वर ढकललं. मग मान वर करून हसत म्हणाला, "लावलं दाजी!"

मी खांबाला मिठी मारून बसलो. खरं तर भ्यायचं काही कारण नव्हतं, लाईन मीच मागून तोडली होती. तरी मिठी सुटेना. खाली तो शाबासकीची वाट बघत उभा.

घरी येऊन कमलला सांगितलं. ती आधी हसली, मग तिचे डोळे भरले. म्हणाली, "माझा भाऊ हाय, म्हणून सांगते. त्याला वावरात राबवा, घरात जेवू घाला, पण माझं कुंकू त्याच्या हातात देऊ नका. त्यो सांगितलं तसं करतो."

सांगितलं तसं करणारा माणूस सगळ्यांना हवा असतो. मला मात्र त्याची धास्ती बसली. असे पुष्कळ नापास झाले. हट्टा गावाकडच्या एका बागायतदारानं आपला विश्वासातला गडी दिला होता. ‘माझ्या शब्दाबाहेर जात न्हाई,’ असं वर सांगितलंही होतं. तो माझ्याही शब्दाबाहेर गेला नाही. मी लाव म्हटल्याबरोबर त्यानं लावलं.

पास झाला तो परसराम. सेनगावजवळच्या तांड्यावरचा, माझ्यापेक्षा वयानं मोठा, रोजंदारीवर मदतनीस म्हणून आलेला. त्याला कोणताच वायरमन सोबत घ्यायला तयार नव्हता, कारण तो भित्रा होता आणि अतोनात डोकं खायचा. "लाईन बंद हाय का?" हे तो निघताना विचारी, वाटेत विचारी, खांबापाशी पोचल्यावर पुन्हा विचारी. उत्तर दिलं की म्हणे, "कोण म्हणलं?" बाकीचे त्याची नक्कल करायचे. मीही केली आहे.

त्याची परीक्षा घेतली त्या दिवशी मी वरून ओरडलो, "परसराम, झालं काम! लाव हँडल!"

तो हात मागं बांधून उभा राहिला. "न्हाई."

"अरे लाव म्हणतो ना!"

"आदी खाली या."

"मी सांगून राहिलो ना तुला! वायरमन मी हाय का तू?"

"तुमीच हाव. खाली या, मंग सांगा." आणि हा गडी चक्क हँडलच्या खांबाला पाठ लावून मातीत बसला. आता त्याला उठवल्याशिवाय कुणाच्या बापाला हँडल लावता आलं नसतं. मी वरून शिव्या घातल्या, तो तोंड वळवून बसला. खाली उतरलो तेव्हा मला हसू आवरेना आणि तो रागानं लाल झालेला. "तुमाला मरायची हौस हाय, मला फाशी जायची न्हाई," म्हणाला.

मग मी परसरामला सोडलं नाही. कमलनं विचारलं, "आज खाली कोण हाय?" आणि मी "परसराम" म्हणालो की ती डबा देऊन लगेच आत वळायची. तिला तेवढं पुरे व्हायचं.

आता दत्तरावाबद्दल लिहायला हवं. खरं म्हणजे हा सगळा लेख त्याच्याचसाठी आहे.

दत्ता माझ्याच बरोबर खात्यात लागला, वयानं माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. आमची गावं शेजारशेजारची. त्याच्यासारखा माणूस मी दुसरा बघितला नाही. कुणाच्या घरी बारसं असो, मयत असो, दत्ता आधी हजर. त्याची मोटारसायकल त्याच्याकडं कमी आणि लोकांकडं जास्त असायची. आमच्या अश्विनीच्या वेळी कमलला कळा सुरू झाल्या, ओढ्याला पाणी आलेलं, गाडी मिळेना. दत्ता मुख्य रस्त्यावर दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि भरधाव जीप त्यानं अंगावर घेऊन थांबवली. माझी लेक सरकारी दवाखान्यात सुखरूप जन्मली ती त्याच्यामुळं. बाळाला पहिल्यांदा हातात घेतलं तेही त्यानंच, मी तेव्हा हट्ट्याकडं खांबावर होतो.

दत्ताला कुणाला नाही म्हणता यायचं नाही. त्याचा तो गुण सगळा तालुका गात होता, मीही गात होतो. त्याची परीक्षा मी कधी घेतली नाही. भावाची कुणी परीक्षा घेतं का?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती चपलेची. हँडलला कुलूप असायला पाहिजे, पण कुलपं टिकत नसत. कुणी तोडायचं, कुणी भंगारात विकायचं. मग आम्ही आमचा कायदा काढला. आम्ही चढायचो अनवाणी. बूट मिळालेले असायचे, पण ते घसरतात अशी आमची समजूत, आणि साहेब लोकांचं ऐकण्याची रीत आमच्यात नव्हती. तर चढणाऱ्यानं आपली एक चप्पल हँडलला तारेनं टांगायची. ज्याची चप्पल त्यानंच खाली येऊन काढायची आणि पायात घालायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सगळ्या पंचक्रोशीला हा कायदा ठाऊक झाला होता. हँडलला चप्पल दिसली की लोक लांबूनच म्हणायचे, अजून वर हाय. चप्पल नसली तर वायरमन उतरला, घरी गेला. कुलपापेक्षा लोकांनी चपलेला जास्त मान दिला.

तो दिवस खंडेनवमीचा होता. बिघाड आमच्याच गावच्या फाट्यावर. सणाचं दळण अडलेलं, माधवच्या गिरणीपुढं डबे घेऊन बाया रांगेत बसलेल्या. मी हँडल ओढलं, चप्पल टांगली, दत्ताला तिथं उभं केलं आणि परसरामला घेऊन सोयाबीनच्या वावरांतून पुढं गेलो. मधे बाभळी होत्या, तिथून हँडल दिसत नव्हतं.

खांबापाशी परसरामनं हत्यारांची पिशवी पाठीमागं लपवली. "आदी साखळी टाका."

साखळी म्हणजे तिन्ही तारांना एकत्र जोडून जमिनीत उतरवायची तार. चुकून लाईन चालू झालीच तर वीज माणसाकडं न येता साखळीतून जमिनीत जाते आणि उपकेंद्रात लाईन आपोआप बंद पडते. नियम तोच आहे. पण काम पाच मिनिटांचं असलं की आम्ही साखळीचा कंटाळा करायचो.

"अरे एक पिन बदलायची नुसती. अन् तिकडं दत्ता उभा हाय."

"दत्ताभाऊ चांगला माणूस हाय," परसराम म्हणाला. "साखळी टाका."

"सण हाय, घरी पुरण वाट बघून राहिलं."

"माझ्याबी घरी हाय. टाका."

पिशवी काही देईना. मी दातओठ खात काठीनं साखळी अडकवली आणि चढलो.

हँडलपाशी काय झालं ते मला नंतर कळलं. गावातली चार मंडळी ताट घेऊन पूजेला आली होती. खंडेनवमीला आमच्याकडं नांगर, विळा, ट्रॅक्टर, गिरणी, सगळ्याची पूजा होते, आणि ज्यानं घरात उजेड येतो त्या हँडलची दरवर्षी व्हायची. हार, हळदकुंकू, नारळ. त्यांनी बघितलं तर हँडलला चप्पल. ते दत्ताला म्हणाले, "दत्ताभाऊ, आजच्या दिवशी देवाला चप्पल? बरं दिसते का ते?"

दत्ता म्हणाला, "मुंजाजी वर हाय, त्याची चप्पल हाय."

"आमी कुठं हँडल लावून राहिलो? पूजा करतो अन् जातो. तवर बाजूला ठेवा की."

दत्ताला नाही म्हणवलं नाही. त्यानं चप्पल काढली. नुसती टाकली नाही, रुमालानं पुसून खांबाच्या मागं नीट ठेवली. त्यांनी हँडल धुतलं, कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मग आता हारावर पुन्हा चप्पल कशी टांगायची, म्हणून दत्ता तसाच उभा राहिला. त्यांनी प्रसाद घ्यायला त्याला बांधावर बोलावलं. तो गेला. लांब नाही, हाकेच्या अंतरावर. पण पाठ हँडलकडं.

तेवढ्यात दळणाच्या बायांची बोलणी खाऊन वैतागलेला माधव काम कुठवर आलं ते बघायला आला. त्यानं बघितलं, हँडलला हार आहे, चप्पल नाही, दत्ता निवांत पेढा खातोय. म्हणजे मुंजाभाऊ उतरला आणि बिचारे हे लोक हँडल लावायचं विसरले. त्यानं हँडलला नमस्कार केला आणि वर ढकललं.

मला आवाज आठवत नाही. पांढरा उजेड आठवतो. साखळीच्या कड्या डोळ्यांदेखत वितळून सोयाबीनमध्ये पडल्या. मी कमरेच्या पट्ट्याला लोंबकळत होतो, हातावरचे केस जळल्याचा वास येत होता, आणि कानात काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मी मेलो असंच मला वाटलं. मेल्यावर खाली परसराम कसा दिसतो, एवढा एकच विचार डोक्यात होता. तो दोन्ही हात जोडून वर बघत होता आणि त्याचं तोंड हलत होतं. लाईन तिकडं उपकेंद्रात बंद पडली होती, हे समजायला मला बराच वेळ लागला.

गावात आमच्या घरातला बल्ब त्या वेळी एकदा लाल झाला आणि विझला. बाकीच्यांनी ‘आली आली, गेली’ म्हटलं. कमल अनवाणी वावरांकडं धावत सुटली.

मी उतरलो तेव्हा दत्ता बाभळींतून पळत येत होता. हातात माझी चप्पल. मला जिवंत बघून तो ढेकळांत बसला आणि लहान लेकरासारखा रडायला लागला. "मुंजा, देवाचं काम व्हतं रे, मी न्हाई कसं म्हणू?" हेच परत परत. मी त्याच्या हातातून चप्पल घेतली, पण ती पायात घालता येईना. शेवटी परसरामनं घातली.

परसरामनं नंतरही कधी ‘मी म्हणलो व्हतो ना’ असं म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त नेहमीसारखं विचारलं, "लाईन बंद हाय का?" त्याची नक्कल करणं त्या दिवसापासून सगळ्यांनीच बंद केलं.

माधवला मी दोष दिला नाही. त्यानं आमचाच कायदा पाळला होता. दत्ताचाही राग आला नाही, आणि तेच अवघड होऊन बसलं. राग आला असता तर भांडलो असतो, मिटलं असतं. मला त्याची भीती वाटायला लागली. तो घरी आला, अश्विनीला खांद्यावर घेऊन नाचवायला लागला, की माझ्या मनात यायचं, उद्या कुणीतरी गोड बोलून ह्याच्याकडं काहीतरी मागेल आणि हा देईल. काय मागतील ते सांगता येत नाही. त्याच्या चांगुलपणाला कडीच नव्हती.

रात्र रात्र झोप येईना तेव्हा कमलच म्हणाली, "त्यांना घरात येऊ द्या, ताटाला ताट लावून जेवा. पण तुमच्या खाली नको. सगळी जवळची माणसं सगळ्या जागी ठेवायची नसत्यात."

मी साहेबांना भेटून सांगितलं की दत्ताला आणि मला एका कामावर देऊ नका. कारण विचारलं तर सांगितलं नाही. पण आमच्या खात्यात कारण न सांगितलेली गोष्ट आधी पसरते. दत्ताला कळली. पुढं त्यानं ऑपरेटरची नेमणूक मागून घेतली आणि उपकेंद्रात जाऊन बसला. माझ्या घरी येणं कमी कमी होत थांबलं. रस्त्यात भेटलो की रामराम व्हायचा, ‘कसं काय’ ‘बरं हाय’ व्हायचं. ज्या माणसानं माझ्या लेकीसाठी जीप अंगावर घेतली, त्याला मी चहाला बोलावू शकत नव्हतो. जीव वाचला, पण माणूस गेला. ही रुखरुख निवृत्तीच्या समारंभात हार गळ्यात पडतानाही होती. तो समारंभाला आला होता, मागच्या खुर्चीवर बसला होता, जेवला नाही.

इथवर ठीक होतं. पण आमच्या अश्विनीनं खात्याची परीक्षा दिली आणि ती वायरमन झाली.

आता मुली चढतात खांबावर. तिला बूट आहेत, टोपी आहे, कुलूप आहे आणि कुलपाची किल्ली तिच्या खिशात असते. चपलेचा कायदा ऐकून ती पोट धरून हसली होती. पण तिची नेमणूक आमच्याच भागात झाली. तिची लाईन बंद-चालू करणारं उपकेंद्र तेच, आणि ऑपरेटरच्या खुर्चीवर दत्ताकाका. कुलूप फाट्याला असतं. मुख्य लाईनचं काम असलं की सगळं खुर्चीवरच्या माणसावर. जिनं काम घेतलं तिनंच ‘झालं’ म्हणायचं आणि तोवर ऑपरेटरनं बटणाला हात लावायचा नाही, असा नियम आहे. पण त्या खुर्चीजवळ दिवसभर फोन वाजत असतो. सरपंचाचा, पुढाऱ्याचा, पिकाचं पाणी अडलेल्या शेतकऱ्याचा. सगळे एकच म्हणत असतात, दत्ताभाऊ, सोडा की जरा.

आता सकाळी डबा देताना कमल काही विचारत नाही. मीच विचारतो. "आज खाली कोण हाय?" अश्विनी खालच्याचं नाव सांगते, हेल्मेट उचलते आणि जाता जाता म्हणते, "अन् उपकेंद्रात दत्ताकाका हायेत. विचारायच्या आधीच सांगते."

यंदा सोयाबीनची मळणी सुरू असताना मुख्य लाईनवर बिघाड झाला. अश्विनीनं दत्ताकडून लाईन बंद करून घेतली, जुनी पिन काढली आणि नवी सेनगावहून यायची होती म्हणून दुपारी घरी जेवायला आली. गाव तोवर उकाड्यानं हैराण. माधव, आता म्हातारा झालेला, ओट्यावर येऊन बसला. "मुंजाभाऊ, दत्ता तुमचा दोस्त ना? करा की एक फोन. तुमाला न्हाई म्हणतो का त्यो?"

हे वाक्य माझ्या काळजात गेलं. तुमाला न्हाई म्हणतो का त्यो.

मी आत आलो. अश्विनी माझ्यासमोर पाटावर भाकरी मोडत होती, तिचे बूट दाराशी होते, म्हणजे ती जमिनीवर होती, घरात होती, माझ्या डोळ्यांपुढं होती. मी फोन उचलला, सगळ्यांना ऐकू येईल असा त्याचा आवाज मोठा केला आणि तिला गप्प राहायची खूण केली.

"दत्ता, मुंजाजी बोलतोय."

पलीकडून इतका मऊ आवाज आला की मलाच भरून आलं. "बोल मुंजा. बोल रे. बरा हायेस ना?"

"बरा हाय. अश्विनी खाली उतरली. माझ्यासमोर बसून जेवून राहिली. सोड लाईन."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. अश्विनीचा घास हातातच राहिला. कमल चुलीपाशी उभी होती ती तशीच थांबली. तो हो म्हणाला असता तर मी काय करणार होतो, हे मला आजही सांगता येत नाही.

"झालं म्हणतीया का ती?" दत्तानं विचारलं.

"मी म्हणतो ना. बाप हाय मी तिचा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो उठून उभा राहिला असावा.

"न्हाई," दत्ता म्हणाला.

"काहून?"

"तिनं काम घेतलं. ती म्हणंल तवा."

"माझा शब्द न्हाई चालत तुला? माझा?"

"मुंजा, तुझा शब्द लई मोठा हाय." त्याचा आवाज फाटला. "तू काय मागशील ते देईन मी. हे न्हाई. तुला न्हाई, तुझ्या बापाला न्हाई, देव खाली आला तर देवालाबी न्हाई. एकदा काढली मी चप्पल. आता न्हाई." आणि त्यानं फोन ठेवला.

तेवढ्यात अश्विनीचा फोन वाजला. तोच होता.

"बाई, कुठं हाईस तू?" आवाजात नुसता कंप. "तुझ्या बापाचा फोन आलता. तू खाली हाईस ना? खांबावर न्हाईस ना? तू तुझ्या तोंडानं सांग मला."

"घरी हाय काका, जेवून राहिले. काम व्हायचंय अजून."

"मग मी हात लावत न्हाई. तू सांगितल्याबिगर कोणाचं ऐकत न्हाई. घाबरू नको," असं म्हणणारा माणूस स्वतःच घाबरून कापत होता.

मी तोंडावर टॉवेल घेतला. सगळ्या आयुष्यात दत्तानं मला पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. ज्या भीतीसाठी मी परसरामला जपलं, ती दत्ताच्या पोटात केव्हाची घर करून बसली होती. ती खुर्चीसुद्धा त्यानं त्याच भीतीपोटी मागून घेतली होती. आणि मी रस्त्यात रामराम करून पुढं निघून जात होतो. अश्विनी माझ्यावर चिडली. "काकांची परीक्षा घेता व्हय? त्यांचं काय झालं असंल आता तिकडं?" म्हणाली आणि भाकरी तशीच सोडून कामावर गेली. तिचं बरोबर होतं.

ओट्यावर माधव वाट बघत होता. मी त्याला सांगितलं, "न्हाई म्हणला." त्याला काही कळलं नाही, माझ्या डोळ्यांत पाणी का, तेही कळलं नाही. तो कुरकुरत गेला.

संध्याकाळी लाईट आली. गावात आरोळी उठली, गिरणीचा पट्टा फिरला. कमलनं हातातलं पीठ परातीत टाकलं आणि जुन्या सवयीनं दाराकडं निघाली.

"बस," मी म्हणालो. "तिकडं दत्ता हाय."

ती बसली. पण अश्विनीच्या गाडीचा आवाज येईपर्यंत आम्ही दोघांनीही ताट वाढून घेतलं नाही.